फासा खरा आहे का? लुडोच्या स्पर्धेसाठी फासे तपासायची आणि टाकायची पद्धत

गेल्या पावसाळ्यात बेळगावात आमच्या शहापूरच्या गल्लीत मंडळाने लुडोची स्पर्धा घेतली. ६४ खेळाडू, १६ पट, पहिलं बक्षीस ढाल आणि दोन किलो कुंदा. पहिल्याच फेरीत सहावीतल्या एका पोराची सोंगटी घराबाहेर पडेना. बाकी तिघांच्या सोंगट्या अर्धा पट फिरून आल्या, याची एकवीस दानं टाकून झाली, तरी सहा नाहीच. शेवटी तो मला म्हणाला, "काका, फासा बघा की जरा." मी फासा उचलला, दोन बोटांत फिरवून बघितला आणि परत दिला. म्हटलं, "नशीब असतंय बाळा, टाक."

मी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असतो. मापात दोन शतांश मिलिमीटर चुकलेला बुश मी परत पाठवतो, आणि त्या पोराचा फासा मात्र नुसत्या नजरेने पास केला. हे मला रात्रभर बोचलं. दुसऱ्या दिवशी तो फासा कामावर नेऊन मोजला. एक आणि सहा या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १५.८८ मिलिमीटर भरलं, बाकीच्या दोन जोड्यांचं १५.९४ आणि १५.९६. म्हणजे फाशात दोष होताच, पण तो सहा जास्त पाडणारा. पोराला खरोखर नशिबानेच दगा दिला होता. हे त्याच वेळी आकड्यानिशी सांगता आलं असतं तर तो हरूनही समाधानाने घरी गेला असता. तसा तो गेला नाही.

तेव्हापासून आम्ही पद्धत बसवली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पावसाळ्यात आणि गणपतीत अशा स्पर्धा पुष्कळ मंडळं घेतात, म्हणून ती सविस्तर लिहितो.

आधी एक हिशेब

एका दानात सहा न येण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा दानांत एकदाही न येण्याची साधारण १६ टक्के, आणि वीस दानांत २.६ टक्के. एकट्या खेळाडूच्या दृष्टीने हे दुर्मीळ वाटतं. पण ६४ खेळाडू असले की त्यांच्यापैकी निदान एकावर तरी सुरुवातीलाच अशी वीस कोरडी दानं यायची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास जाते. थोडक्यात, मोठ्या स्पर्धेत कुणीतरी असा रडकुंडीला येणारच, फासा कितीही खरा असो. हा हिशेब आम्ही आता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावतो.

पायरी पहिली: फासा कुणाचा, हे ठरवा

फाशात थोडा दोष असला आणि चौघंही तोच फासा टाकत असले, तर तो दोष चौघांनाही सारखाच लागतो. सहा जरा जास्त पडत असेल तर सगळ्यांनाच जास्त पडेल. डाव खरा बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, खेळाडू आपापला फासा आणतात तेव्हा. दोन, फाशाचा कल एकालाच ठाऊक असतो तेव्हा. विरोधकाच्या सोंगटीपासून सहा घरं पुढे थांबायचं की पाच, हा निर्णय तो माणूस बाकीच्यांपेक्षा चांगला घेतो आणि पुढच्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून नियम असा: फासा मंडळाचा, एका पटावर एकच, आणि तो खेळाडूंसमोर चिठ्ठी काढून पटावर जातो. "हा माझा लकी फासा" म्हणून खिशातून काढलेला फासा कितीही निर्दोष दिसला तरी चालणार नाही. आमच्याकडे यावरून वाद झाला होता. ज्याचा फासा होता तो माणूस सरळ होता, तरी त्याच्यावर संशय आला तो आलाच. नियमाने त्याचीही अब्रू राखली असती.

पायरी दुसरी: डझनाने घ्या, निवडून ठेवा

बाजारात मिळणारे फासे साधारण १६ मिलिमीटरचे, गोल कोपऱ्यांचे, ठिपके कोरून रंग भरलेले असतात. एकाच प्रकारचे दोन डझन घ्या. पहिल्यांदा फक्त डोळ्यांनी बघा: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते का, एखादा अंक दोनदा छापलाय का, एखाद्या कोपऱ्यावर साच्याचा कान राहिलाय का. हसू नका, सहा नसलेला फासा मी स्वतः पाकिटातून काढलेला आहे.

कोरीव ठिपक्यांचा दोष समजून घ्या. सहाच्या बाजूचं सर्वांत जास्त प्लास्टिक गेलेलं असतं आणि एकच्या बाजूचं सर्वांत कमी. त्यामुळे एकची बाजू कणभर जड, ती खाली बसते आणि वर सहा येतो. कॅसिनोतले फासे यासाठीच वेगळे बनवतात. कोरलेले ठिपके फाशाच्याच घनतेच्या पदार्थाने भरून सपाट करतात, कडा धारदार ठेवतात आणि फासा पारदर्शक असतो, म्हणजे आत काही लपवता येत नाही. आपल्याला एवढं लागत नाही. दोन डझनातून आठ-दहा चांगले निघाले तरी पुष्कळ.

पायरी तिसरी: मोजमाप

या पायरीला घाई करू नका. वजनाइतकाच, किंबहुना जास्तच, आकार दगा देतो. याचा एक जुना पुरावा आहे. इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ साली १२ फासे २६,३०६ वेळा टाकून नोंद ठेवली. एकूण ३,१५,६७२ फासे झाले. त्यांत पाच किंवा सहा १,०५,२२४ वेळा यायला हवे होते, आले १,०६,६०२ वेळा. १९०० मध्ये कार्ल पिअरसन यांनी अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक जोखणारी आपली प्रसिद्ध काय-स्क्वेअर कसोटी मांडली तेव्हा याच नोंदीवर दाखवलं की हा फरक नुसत्या योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य आहे. दोष कोरीव ठिपक्यांचा, असं मानलं गेलं. पुढे २००९ मध्ये शिकागोत झॅकरायाह लॅबी यांनी फासे हलवणारं आणि कॅमेऱ्याने वाचणारं यंत्र बनवून तेवढीच दानं पुन्हा टाकली. त्यांच्या फाशांत एक आणि सहा दोन्ही जास्त आले. फासे मोजल्यावर एक-सहाच्या दिशेची जाडी बाकी दोन दिशांपेक्षा सुमारे ०.२ टक्के कमी निघाली.

मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण हे आमच्या धंद्यातलं आहे. वीट जमिनीवर टाकली तर ती रुंद बाजूवर पडते. फासा एका दिशेने चपटा असेल तर त्या दिशेच्या दोन्ही बाजू जास्त वेळा वर-खाली येतात. त्यामुळे एक-सहा, दोन-पाच, तीन-चार या जोड्यांत मोजायचं.

बेळगावात मायक्रोमीटर मिळणं अवघड नाही. गल्लीत एकतरी माणूस उद्यमबागेत किंवा एखाद्या फौंड्रीत कामाला असतोच. मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, साधा व्हर्निअर ०.०२ पर्यंत. १६ मिलिमीटरच्या फाशात ०.२ टक्के म्हणजे ०.०३ मिलिमीटर, तेव्हा व्हर्निअरवर जेमतेम दिसेल. जमलं तर मायक्रोमीटरच आणा.

फासा फडक्याने पुसून घ्या. मायक्रोमीटरचा शून्य तपासा. जबडा ठिपक्याच्या खड्ड्यावर किंवा गोल कडेवर टेकू देऊ नका, मधल्या सपाट भागावरच टेकवा. शेवटची पकड रॅचेटनेच, म्हणजे ठराविक दाबानंतर 'टिक' करून सुटणाऱ्या टोकाच्या मुठीनेच द्या, तीन 'टिक' आणि थांबा. अंगठ्याने आवळलं तर प्लास्टिक दबतं आणि माप खोटं येतं. प्रत्येक जोडी तीन जागी मोजून सरासरी लिहा. तीन जोड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो फासा बाजूला. ही मर्यादा माझी आहे, शास्त्राची नाही. ०.२ टक्क्यांचा दोष उघडा पडायला लाखो दानं लागली होती, आपल्या स्पर्धेत एका फाशाची काही शे दानं पडतात.

पायरी चौथी: मिठाचं पाणी

आतला पोकळपणा मायक्रोमीटरला दिसत नाही. त्यासाठी काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन विरघळेल तेवढं मीठ घाला. १०० मिलिलिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. या पाण्यात पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिकचे फासे तरंगतात. जास्त जड प्लास्टिकचे बुडतात, त्यांना ही कसोटी लागू नाही. तरंगणारा फासा बोटाने दाबून गरगर फिरवा आणि सोडा. दहापैकी आठ-नऊ वेळा तोच अंक वर येत असेल तर आत कुठेतरी हवेचा बुडबुडा आहे. बाहेरून चिकटलेला बुडबुडाही असंच फसवतो, म्हणून फासा आधी पाण्यात चोळून घ्या.

या कसोटीवर फासा लगेच फेकून देऊ नका. पाण्यात तरंगताना इवलासा असमतोलही दिसतो, पटावर मात्र तो जाणवेलच असं नाही. पाण्यात नापास झालेल्या फाशाचा निकाल पुढच्या पायरीत लावा.

पायरी पाचवी: सहाशे दानं

दोन माणसं, एक वही, एक तास. एकाने टाकायचं आणि मोठ्याने अंक म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचं. नुसत्या रेघा ओढू नका, अंक क्रमाने लिहा. तो क्रम पुढे कामाला येणार आहे. किती दानं टाकायची ते आधी ठरवा आणि तेवढी पूर्ण करा. आकडे मनासारखे दिसले म्हणून मध्येच थांबलात तर ती तपासणी राहत नाही.

साठ दानांवर निकाल देऊ नका. साठात प्रत्येक अंक दहादा यायला हवा, पण खऱ्या फाशातही एखादा अंक पंधरा वेळा येण्यात नवल काही नाही. ६०० दानांत प्रत्येक अंक १०० च्या आसपास येतो आणि बहुतेक वेळा ८२ ते ११८ मध्ये राहतो.

आता पिअरसन यांची तीच काय-स्क्वेअर कसोटी. प्रत्येक अंक जितक्या वेळा आला त्यातून १०० वजा करा, उत्तराचा वर्ग करा, सहाही वर्गांची बेरीज करून १०० ने भागा. समजा वहीत एक ७६ वेळा, दोन ९८, तीन १०१, चार १०४, पाच ९४ आणि सहा १२७ वेळा आला. फरक अनुक्रमे २४, २, १, ४, ६, २७. वर्ग ५७६, ४, १, १६, ३६, ७२९. बेरीज १३६२, भागून १३.६२.

हा आकडा दोन खुणांशी ताडून बघायचा. खरा फासा ११.०७ ची खूण शंभरात पाचच वेळा ओलांडतो आणि १५.०९ ची खूण शंभरात एकदाच. ११.०७ च्या आत असेल तर फासा पास. १५.०९ च्या वर असेल तर काढून टाका. मधे अडकला, आपल्या १३.६२ सारखा, तर पुन्हा ६०० दानं. दुसऱ्या वेळीही खूण ओलांडली आणि तेच अंक पुढे-मागे असले तर निकाल लागला. फेरतपासणीची गरज अशी की वीस खरे फासे तपासलेत तरी त्यांतला सरासरी एखादा निव्वळ योगायोगाने ११.०७ ओलांडतो, चांगला फासा उगाच बळी जायला नको.

नुसत्या बेरजेवर थांबू नका, कुठले अंक चुकले तेही बघा. वरच्या उदाहरणात एक कमी आणि सहा जास्त आहे, म्हणजे वजनाचा दोष. एक आणि सहा दोन्ही जास्त आले असते तर फासा त्या दिशेने चपटा, परत मायक्रोमीटर लावा.

पायरी सहावी: टाकायचं साधन

फासा पास झाला म्हणजे दान खरं झालं असं नाही. चिमटीत धरून काचेच्या पटावरून घसरवलेला फासा उलटत नाही, फिरत फिरत तसाच थांबतो. सराव असलेला हात वरचा अंक वर ठेवून फासा सोडू शकतो. म्हणून हाताने टाकणं आम्ही बंदच केलं आहे.

सर्वांत सोपी डबी. उंच, आतून खडबडीत किंवा कडेला कंगोरे असलेली. गुळगुळीत स्टीलच्या पेल्यात फासा नुसता गोल गोल घसरतो. आत मेणकापडाची किंवा जाड कापडाची पट्टी चिकटवली की तो आपटायला लागतो. तीनदा हलवायचं आणि पटापासून वीतभर उंचीवरून ओतायचं. खाली काच नको. सतरंजीचा तुकडा किंवा जाड फेल्ट अंथरलेला, चारही बाजूंनी कड असलेला ट्रे हवा. फासा एकदा तरी कडेला आपटला पाहिजे.

घुमटातला फासा असलेले पट मिळतात, दाबलं की आत फासा टुणकन उडतो. मुलांना आवडतात, पण स्पर्धेला वापरण्याआधी त्यांची वेगळी तपासणी लागते. हळूच दाबलं तर फासा नुसता उचलला जातो आणि त्याच अंकावर परत बसतो. इथे वहीतला क्रम कामाला येतो: सलग दोन दानं सारखी किती वेळा आली ते मोजा. ६०० दानांत अशी जोडी सुमारे १०० वेळा यायला हवी. १२७ च्या वर गेली तर ते साधन चिकट आहे, मग सहाही अंक मोजून सारखे आले असले तरी. ही तपासणी बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांच्या फाशांनाही करा.

आम्ही अंतिम फेरीला मनोरा वापरतो. कल्पना फार जुनी आहे. जर्मनीत १९८५ साली रोमन काळातला, चौथ्या शतकातला धातूचा फासे-मनोरा सापडला; वरून फासे टाकायचे, आतल्या तिरप्या फळ्यांवर आपटत ते खाली पायऱ्यांवरून बाहेर येतात. हाताची करामत चालू नये, ही काळजी तेव्हाही होती. आमचा मनोरा प्लंबिंगच्या दुकानातल्या ७५ मिलिमीटर पाइपाचा आहे. ३० सेंटिमीटरचा तुकडा, त्यात ७-८ सेंटिमीटरच्या अंतराने आरपार तीन लाकडी काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड, प्रत्येक काडी आधीच्या काडीपेक्षा ६० अंशांनी फिरवलेली. १६ मिलिमीटरच्या फाशाचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण सुमारे २८ मिलिमीटर असतो आणि काडीच्या दोन्ही बाजूंना ३० च्या वर जागा राहते, त्यामुळे फासा अडकत नाही. पाइप ट्रेच्या वर चार बोटं उंच, जरा तिरका बसवा. मनोरा झाला की त्यातूनही ६०० दानं टाकून बघा.

पायरी सातवी: पटावरचे नियम

दान ट्रेमध्येच पडलं पाहिजे. फासा बाहेर गेला, सोंगटीवर चढला किंवा कडेला टेकून तिरका राहिला तर दान रद्द, परत टाकायचं, मग दिसत असलेला अंक कितीही सोयीचा असो. विरोधक किंवा पंच अंक म्हणत नाही तोवर फाशाला हात लावायचा नाही. अंक उच्चारल्यावर तक्रार नाही. आधीच्या खेळाडूची सोंगटी हलून होईपर्यंत पुढच्याने डबी उचलायची नाही. आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही घरं आहेत, कुणी फासा म्हणतं, कुणी दाळ; म्हणून नियमांचा कागद दोन्ही भाषांत लावतो. पैसे लावून खेळणं या स्पर्धेत नाही आणि तो नियम कागदावर सर्वांत वर आहे.

मोबाइलवरचा फासा आम्ही घेत नाही. त्यातला आकडा सूत्राने तयार होतो आणि चांगल्या सूत्राचे आकडे उत्तम असतात, पण समोर बसलेल्याला ते सूत्र ना मोजता येतं ना बघता. फासा हरवलाच तर तीन नाणी घ्या: पहिलं, दुसरं, तिसरं असा क्रम लावा, छापा-काट्याच्या आठ जुळण्या होतात. सहांना अंक द्या, उरलेल्या दोन आल्या तर परत उडवा.

फाशाऐवजी कवड्या किंवा चिंचोके टाकून खेळायच्या चौकाबाऱ्याची स्पर्धा असेल तर वेगळा विचार लागतो. माझी आजी चिंचोके फोडून त्यांच्या फाका वापरायची. चार फाका निम्म्या-निम्म्या शक्यतेने पडल्या असत्या तर सोळांत एकदा चारही उताण्या, चारदा तीन, सहादा दोन, चारदा एक आणि एकदा चारही पालथ्या. पण चिंचोका तसा पडत नाही, कवडी तर नाहीच. सहाशे दानांची वरची खूण इथे लावू नका. सगळ्यांना त्याच चार फाका द्या आणि डाव सुरू झाल्यावर एकही बदलू नका.

कुणी "फासा बघा" म्हणालं तर

खेळ थांबवा. फासा खेळाडूसमोर पाकिटात घालून त्यावर पट क्रमांक लिहा आणि राखीव, आधी तपासलेला फासा द्या. आधीची दानं तशीच राहतील, हे आधीच सांगून ठेवा. फेरी संपली की तक्रार करणाऱ्यासमोरच मायक्रोमीटर लावा आणि तिन्ही मापं त्याला स्वतः वाचू द्या. वय कितीही असो. सहावीतल्या पोरालाही स्केल वाचायला पाच मिनिटांत शिकवता येतं, मी शिकवलं आहे.

या वर्षीच्या फाशांची दानं टाकायला गेल्या रविवारी तोच पोरगा माझ्याकडे येऊन बसला. बाहेर धो-धो पाऊस होता. सहाशेतली तीनशे त्याने टाकली, मी लिहिली. शेवटी वही ओढून घेऊन आपल्या दानांतले सहा त्याने पेन्सिलीने गोल करत मोजले. त्रेपन्न निघाले. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले.